वृक्ष उचलण्याची मसलत

शोभेचा वृक्ष एका ठिकाणाहून समूळ उचलून गृहस्थाच्या अंगणात आणून लावल्याचे जे सर्वांत प्रसिद्ध प्रकरण आपल्या वाङ्मयात नमूद आहे ते पारिजातकाचे होय. आणि ज्या कोणाला हा उद्योग आपल्या आवारात करावयाचा असेल त्याने बागकामाच्या पुस्तकांकडे वळण्यापूर्वी त्या प्रकरणाचे कागद एकवार नजरेखालून घालावेत, अशी माझी सूचना आहे. नरकासुराचा वध उरकून, अदितीची कुंडले परत करण्यासाठी श्रीकृष्ण सत्यभामेसह स्वर्गात गेले असता तिची दृष्टी इंद्राच्या उपवनातील त्या वृक्षावर खिळली, आणि पुढे जे घडले ते विष्णुपुराणाने तपशीलवार दिले आहे : वृक्ष उपटला गेला, गरुडाच्या पाठीवर चढविला गेला, तो शचीदेवीच्या मालकीचा असल्याची हरकत रक्षकांनी घेतली, खुद्द इंद्र देवसेनेसह आडवा आला, युद्ध झाले, आणि अखेरीस इंद्राने नमते घेतल्यावर वृक्ष द्वारकेस पोहोचला. मोसम कोणता होता, मुळांभोवती मातीची हुंडी केवढी राखली होती, वाटेत पाणी कोणी शिंपडले, याविषयी पुराणकार एक अक्षर बोलत नाहीत. ते बोलतात मालकी, वाहतूक आणि तंटा यांविषयी. आणि मला वाटते, प्रकरणाचे मर्म त्यांना बागकामाच्या ग्रंथकारांपेक्षा अधिक उमगले होते. लोकांनी त्या कथेला जी पुरवणी जोडली ती तर अनुभवाने पिकलेली आहे : झाड सत्यभामेच्या अंगणात आणि फुलांचा सडा मात्र भिंतीपलीकडे रुक्मिणीच्या. कुंपणालगत झाड लावणाऱ्या कोणत्याही गृहस्थाला हे निराळे समजावून सांगावे लागत नाही. पाणी आपले, माळी आपला, वाळक्या पानांचा केर आपला, आणि पहाटे परडी घेऊन फुले वेचणारे हात मात्र पलीकडच्या काकूंचे.

झाड हलविण्याची वेळ मुळात येते ती लावतेवेळी ते माणसाला दिसत नाही म्हणून. रोपवाटिकेतून आणलेली गुलमोहराची हातभर काडी घेऊन जो गृहस्थ आवारात जागा शोधीत फिरतो, त्याच्या डोळ्यांपुढे ती काडी तेवढी असते. तिचा पुढे होणारा तीस-चाळीस फुटांचा घेर, उथळ पसरून फरशा उचलणारी तिची मुळे, आणि वळवाच्या वादळात नेमकी दुसऱ्याच्या मोटारीची निवड करणारी तिची ठिसूळ फांदी, यांपैकी काहीही त्याला दिसत नाही. त्यामुळे गुलमोहर विजेच्या तारांखाली, बहावा मैल्याच्या टाकीला लागून, आसुपालवांची पलटण चार-चार फुटांवर, आणि ज्याची शहाळ्याएवढी जड फळे थेट बुंध्याला लागून एके दिवशी कोणतीही पूर्वसूचना न देता खाली येतात तो कैलासपती बरोबर झोपाळ्याच्या माथ्यावर, अशी मांडणी होऊन जाते. दोन-तीन पावसाळे उलटतात, झाडे माणसाच्या डोक्यावरून जातात, आणि एका सकाळी ओसरीवर चहा घेता घेता घरातील कोणीतरी मान वर करते. त्याच बैठकीत झाडे हलविण्याचा ठराव सर्वानुमते मंजूर होतो. सर्वानुमते म्हणजे झाडांखेरीज.

वराहमिहिराला हा घोटाळा सहाव्या शतकात ठाऊक होता. बृहत्संहितेतील वृक्षायुर्वेदाच्या अध्यायात त्याने दोन झाडांतील अंतर वीस हात असणे उत्तम, सोळा हात मध्यम, आणि बारा हात म्हणजे अगदी शेवटची सवलत, असे निःसंदिग्ध सांगून ठेवले आहे; खेटून लावलेली झाडे एकमेकांना भिडतात, त्यांची मुळे परस्परांत गुंततात आणि मग ती पीडित होऊन धड फळत नाहीत, हे कारणही दिले आहे. हाताचा दीड फूट धरला तर उत्तम अंतर तीस फूट भरते. आपला गुंठा तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद. तेव्हा शास्त्राचा शब्द पाळावयाचा तर गुंठ्याच्या चार कोपऱ्यांत चार झाडे उभी राहतात आणि मधल्या जागेत घर मावले तर मावते. शिवाय मराठी माणसाच्या आवारात नारळ, आंबा, पेरू, कढीलिंब आणि शेवगा ही उपयुक्त मंडळी पिढीजात वतनदारांच्या तोऱ्यात आधीच ठाण मांडून बसलेली असतात. केवळ फुलण्यापलीकडे ज्याचा काही उपयोग नाही अशा झाडाला पाण्याचा मीटर आणि फाटक यांच्या दरम्यानची चिंचोळी पट्टी मिळते, आणि तीही तहहयात नव्हे, पुढील हुकूम होईपर्यंत.

हा पुढील हुकूम सुटण्यापूर्वी मसलत बसते. पुण्याच्या कोणत्याही जुन्या वसाहतीत एखाद्या आवारात टिकाव आणि फावडे भिंतीला टेकविलेले दिसले की आसपासच्या चार बंगल्यांतील अनुभवी गृहस्थांना तत्काळ वर्दी पोहोचते. त्यांत एक निवृत्त ओव्हरसियर असावाच लागतो. तो काठीने बुंध्याभोवती एक वर्तुळ काढतो, त्याकडे काही वेळ असमाधानाने पाहतो, आणि म्हणतो, ‘‘अहो, हे निघायचं नाही. मुळ्या पार पायाखाली गेल्या असणार. उद्या भिंतीला चीर पडली तर मला सांगू नका.’’ दुसरा कोणी पंचांग मागवितो. तिसऱ्याच्या मेव्हण्याने नाशिकला याहून दुप्पट मोठे झाड एकट्याने हलविलेले असते, आणि ते अजून जिवंत आहे काय, हा प्रश्न विचारणे शिष्टाचारास सोडून होते म्हणून कोणी विचारीत नाही. माजघरातून आत्याबाई बाहेर येतात.

‘‘एवढा खर्च करून हलवताय, पण त्याला फळ काय येतं?’’

‘‘आत्या, बहावा आहे तो. फुलं येतात. पिवळी.’’

‘‘देवाला चालतात?’’

‘‘चालत असतील.’’

‘‘मग असू दे,’’ असे म्हणून त्या आत जातात, आणि झाडाच्या भवितव्याविषयी त्या बैठकीत झालेला एकमेव निर्णय एवढाच. त्याला शेंगा येतात आणि त्या शेंगांतील गर सारक म्हणून वैद्य पूर्वापार देत आले आहेत, हे आत्याबाईंच्या कानांवर घातले असते तर झाड एव्हाना देवघराच्या खिडकीशी गेले असते.

या सर्व वेळात माळी एका बाजूला उकिडवा बसून तंबाखू मळीत असतो. त्याला कोणी काही विचारीत नाही, आणि त्याला तेवढे ठाऊक असते. ‘‘साहेब, आत्ता नाय काढायचं,’’ तो उठता उठता सांगतो. ‘‘भवताली चर मारून ठिवू. पाऊस बसला की उचलू.’’ या दोन वाक्यांत वनस्पतिशास्त्राचा अर्धा अध्याय आला आहे. झाड पाणी पिते ते बुंध्याजवळच्या जाड मुळांनी नव्हे, तर त्यांच्या पार टोकांशी असलेल्या सूक्ष्म तंतूंनी. आणि ही टोके बुंध्यापासून इतकी लांब पसरलेली असतात की झाड खणून काढताना त्यांतील बहुतेक जुन्या जागीच राहून जातात. वरची पाने मात्र खालच्या या कपातीची दखल न घेता हवेत पाणी सोडीतच राहतात, आणि म्हणून हलविलेले झाड माना टाकते. त्यावर उपाय असा की काही आठवडे, साधल्यास काही महिने आधीच बुंध्याभोवती कुदळीने चर खणून बाहेर जाणारी मुळे तोडावीत, म्हणजे तोडलेल्या ठिकाणापासून आतल्या बाजूला नवे तंतू फुटतात आणि झाड आपला पाण्याचा बंदोबस्त हुंडीतच करून घेते. पण चर मारून नंतर महिनाभर काहीही न करणे ही गोष्ट बैठकीला मानवत नाही. लोक जमले आहेत, चहा झाला आहे, रविवार आहे. झाड आजच निघाले पाहिजे.

नवा खड्डा वास्तविक उन्हाळ्यातच खणून ठेवावयाचा असतो. तीन फूट लांब, तितकाच रुंद, तितकाच खोल. म्हणजे ऊन आत शिरून माती तापते, किडी मरतात, आणि पावसाच्या तोंडावर त्यात पोयटा व चांगले कुजलेले शेणखत भरता येते. १९५० साली कन्हैयालाल मुन्शी केंद्रात अन्न व शेती खात्याचे मंत्री असताना वनमहोत्सव सुरू झाला, तेव्हापासून दर वर्षी त्याच खड्ड्यात नवे रोप लावण्याची जी सार्वजनिक प्रथा पडली तिची लोक थट्टा करतात. परंतु निव्वळ शास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर तो खड्डा वर्षानुवर्षे उत्तम तापलेला असतो, हे मान्य करावे लागेल. खासगी आवारात खड्डा खणण्याचा निराळाच फायदा असा की त्यातून घराचा इतिहास बाहेर येतो. पहिल्या वीतभर लाल मातीखाली, बांधकामाच्या वेळी कंत्राटदाराने पुरून टाकलेला राडारोडा लागतो : विटांचे तुकडे, दगड बनलेले सिमेंटचे पोते, मोझेकची कपची, क्वचित एखादी कानतुटकी कपबशी, त्याखाली मुरूम, आणि मुरमाखाली सह्याद्रीचा काळा पाषाण, ज्याला पहार लागली की ठिणगी उडते आणि खड्डा आता पुरेसा खोल झाला याविषयी मजुरांचे एकमत होते.

हुंडीविषयी गृहस्थाची कल्पना नेहमीच अघळपघळ असते. त्याला झाड दिसते, आणि झाड तर अंगठ्याहून थोडेसे जाड. जाणत्यांचा ठोकताळा असा की बुंध्याच्या दर इंच व्यासामागे हुंडीचा व्यास दहा ते बारा इंच असावा. म्हणजे दोन इंच बुंध्याच्या पोरसवदा तामणीला दोन फुटांचा मातीचा गोळा आला, आणि त्याचे वजन ओलसर मातीत दीड-दोनशे किलोच्या घरात सहज जाते. हा हिशेब आधी कोणी करीत नाही. तो होतो ते खड्ड्यात उतरलेल्या चौघांनी ‘हं’ म्हटल्यावर, आणि गोळा जागचा हलला नाही त्यानंतर. ओव्हरसियर तेव्हा बुंध्याला धरून ओढण्याची सूचना करतात, जी मानल्यास झाड वर येते आणि हुंडी खाली राहते. माळी गोणपाट खाली सरकवितो, सुतळीने आवळतो, आणि मग ती वरात वैद्याकडे निघालेल्या डोंगरातल्या डोलीच्या गांभीर्याने फाटकाकडून विहिरीकडे निघते. मुले पुढे, कुत्रे मधे, आणि सल्लागार दोन्ही बाजूंनी. आदले दोन दिवस झाडाला भरपूर पाणी दिले असेल तर काळी माती मुळांना धरून राहते. दिले नसेल तर, आणि विशेषतः मुरमाड जागेत, अर्ध्या वाटेतच हुंडी विरते आणि चौघांच्या हातांत गोणपाट राहतो.

वराहमिहिराने या प्रसंगी करावयाचा उपचारही सांगितला आहे. तूप, वाळा, तीळ, मध, वावडिंग, दूध आणि शेण यांचा लेप मुळापासून खोडापर्यंत देऊन झाड हलवावे. लावणाऱ्याने शुचिर्भूत होऊन वृक्षाला स्नान व उटणे घालून त्याची पूजा करावी. म्हणजे झाड त्याच पानांनिशी नव्या जागी रुजते. हा पाठ मी एका बैठकीत वाचून दाखविला तेव्हा मालकांनी फक्त तुपाचा भाव काढला. बाकीच्या जिनसांपर्यंत ते पोहोचलेच नाहीत. शेण आणि चिखल यांवर प्रकरण भागले. परंतु त्या आचार्याची एक गोष्ट मला फार आवडते. लावलेल्या झाडांना उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ, थंडीत एक दिवसाआड, आणि पावसाळ्यात जमीन सुकेल तेव्हाच पाणी द्यावे, असे तो म्हणतो. आमच्याकडे बरोबर उलट आहे. भर आषाढात, छत्री एका हातात आणि झारी दुसऱ्या हातात घेऊन नव्या झाडाला पाणी घालणारा पेन्शनर मी स्वतः पाहिला आहे, आणि चैत्रात तेच कुटुंब महाबळेश्वरला गेल्यावर त्या झाडाच्या आळ्यात चिमण्या धुळीने स्नान करीत असल्याचेही पाहिले आहे.

झाडांचे स्वभाव पाहिले तर त्यांतील काही या छळाला सरावलेली आहेत. पांढऱ्या खुरचाफ्याची फांदी मोडून आठ-दहा दिवस कोपऱ्यात टाकून दिली, चीक सुकू दिला, आणि मग कोठेही खोचली तरी तो फुटतो. अशा निगरगट्ट प्रकृतीला उचलण्यात पुरुषार्थ तो कसला? गुलमोहर, मूळचा मादागास्करचा, इतका दूरचा प्रवास पचवून बसला आहे की अंगणातल्या अंगणात हलण्याचे त्याला फारसे वाटत नाही. बहाव्याचे तसे नव्हे. त्याचे मूळ सरळ खाली जाते आणि ते तोडलेले त्याला खपत नाही, म्हणून तो लहानपणीच कायमच्या जागी लावावा. तामण, जिला महाराष्ट्राच्या राज्यपुष्पाचा मान आहे, ती मूळची ओढ्याकाठची. पाणी मिळाले की काही तक्रार नाही. सोनचाफ्याची मुळे मऊ आणि मन त्याहून मऊ.

आणि अशोक. रोपवाटिकेतून त्या नावाने जो उंच, निमुळता, कुंपणाला शिस्त लावणारा वृक्ष घरी येतो तो आसुपालव. खरा सीतेचा अशोक बुटका, गर्द आणि शेंदरी फुलांचा. मालविकाग्निमित्रात या खऱ्या अशोकाला बहर यावा म्हणून सुंदरीने पायाने ताडन करावयाचे होते. राणी धारिणी झोपाळ्यावरून पडून तिचा पाय दुखावला होता, म्हणून हे सरकारी काम मालविकेकडे मुखत्यारीने सोपविले गेले, आणि पाच रात्रींच्या मुदतीत फुले आली तर तिला इनाम मिळावयाचे होते. ती आली. या यशाचा आमच्या वसाहतींतील पुरुषवर्गाने फार व्यापक अर्थ घेतलेला दिसतो, कारण नवे झाड खड्ड्यात उभे केले की भोवतीची माती बुटांच्या टाचांनी लाथा घालून दडपण्यात पाच-सहा गृहस्थ एकाच वेळी भाग घेतात. मातीतील हवा त्यामुळे निघून जाते आणि मुळे गुदमरतात. शिवाय ‘‘खोल लावा, खोल, म्हणजे पडणार नाही,’’ हा सल्ला असतोच. वास्तविक बुंधा जेथे फुगीर होऊन मुळांना मिळतो तो भाग जमिनीच्या पातळीवरच राहावयास हवा, आणि वीतभर मातीखाली पुरलेले झाड पडत नाही हे खरे असले तरी ते उभ्या उभ्या कुजते.

आता वाढलेल्या झाडाला हात लावण्यापूर्वी सरकारी हरकतीचाही विचार करावा लागतो; शहरांतील झाडांच्या संरक्षणासाठी १९७५ चा अधिनियम आहे, त्याखाली वृक्ष प्राधिकरणे आहेत, आणि शचीदेवीच्या रक्षकांपेक्षा त्यांची भाषा अधिक लांबलचक आहे. महापालिकेच्या उद्यान खात्यात आधी चौकशी केलेली बरी. परंतु खात्याने काय वाटेल ते विचारले तरी तो झाडाच्या जिवावरचा प्रसंग नव्हे. तो प्रसंग पुढेच आहे, आणि त्याचे नाव विचारपूस.

लावल्यानंतरचे पहिले वर्ष झाड वर काही करीत नाही. जे काही करावयाचे ते जमिनीखाली, हरवलेली मुळे पुन्हा मिळविण्यात करते. ही दिरंगाई गृहस्थाला सहन होत नाही. पंधरवड्याने तो युरिया आणतो, ज्याने कोवळी मुळे जळतात. आधाराची काठी सैल वाटते म्हणून ती तारेने आवळतो, आणि तार सालीत रुतते. पण या सर्वांहून घातक म्हणजे नखाची परीक्षा. झाड जिवंत आहे की नाही हे पाहण्याची जुनी रीत अशी की साल नखाने किंचित खरवडावी. आत हिरवे दिसले तर झाड जिवंत, तपकिरी दिसले तर मेलेले. ही रीत बिनचूक आहे, आणि आमच्याकडे ती सर्वांना ठाऊक आहे, येथेच सारे बिघडते. सकाळी मालक खरवडतात. दुपारी ओव्हरसियर फाटकातून आत येतात, चष्मा कपाळावर नेतात, खरवडतात, आणि ‘‘आहे, आहे,’’ असे आश्वासन देऊन जातात. दूधवाला खरवडतो. लग्नाची पत्रिका द्यायला आलेला इसम, ज्याचा या झाडाशी कोणताही पूर्वसंबंध नाही, तो चपला घालता घालता बुंध्याला टेकतो आणि सहज खरवडतो. तिसऱ्या आठवड्यात त्या बुंध्यावर नख लावण्यास जागा उरत नाही. सालीचा पट्टा सभोवार निघालेला असतो, आणि ज्या सालीतून पानांनी तयार केलेले अन्न मुळांना पोहोचावयाचे तीच नष्ट झाल्यामुळे झाड खरोखरच मरते. मग सर्वजण एकवार शेवटचे खरवडतात, आत तपकिरी दिसते, आणि ओव्हरसियर म्हणतात, ‘‘मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.’’

माझे स्पष्ट मत असे आहे की तरुण झाडाला खणणे, वाहणे आणि लावणे हे तिन्ही आघात ते सोसू शकते. आस्था मात्र त्याला सोसत नाही. ज्या आवारांत हलविलेली झाडे जगली ती पाहिली तर त्यांत एक तर मालक फिरतीच्या नोकरीवर होते, किंवा घर भाऊबंदकीच्या दाव्यात कुलूपबंद होते. म्हणून येत्या मृगानंतर ज्यांच्या घरी असा बेत ठरला असेल त्यांना नम्र विनंती की चर आधी मारावा, हुंडी मोठी घ्यावी, काम संध्याकाळी करावे, पाणी आळ्यात द्यावे व बुंध्याशी वाळक्या पानांचे आच्छादन घालावे, आणि पुढील वर्षभर येणाऱ्या-जाणाऱ्या सर्व पाहुण्यांना चहा घरात, दिवाणखान्यात, दार लावून द्यावा.